आई-वडील आहेत, पण आधार नाही: शिष्यवृत्तीचा माझा अनुभव

बारावीनंतर घरून एकच उत्तर होतं, आता लग्न. तरी सीईटी ही प्रवेश परीक्षा दिली आणि कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून, २०२४ मध्ये इंजिनिअरिंगची जागा मिळाली. वडिलांनी सांगून टाकलं की पैसे नाहीत आणि सहीही नाही. मी मामा-मामींकडे राहायला गेले.

आमच्यासारख्यांसाठी योजनांमध्ये रकानाच नाही. अनाथ असाल तर एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेची) स्वनाथ शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५०,००० रुपये. बाकी सगळीकडे पालक पाठीशी आहेत असंच धरलेलं असतं. 'तू अनाथ म्हणून भर, कोण बघतंय,' असा सल्लाही मिळाला. असलं काही करू नका. पडताळणीत सापडलं तर सगळंच हातचं जातं, आणि ती मदत ज्यांची आहे त्यांचीच राहू दे.

मला उपयोगी पडला तो जुलै २०२४ चा शासन निर्णय. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं पूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ. मी ओबीसी. पण उत्पन्नाचा दाखला हवा, आणि उत्पन्न धरायचं ते आई-वडिलांचं.

त्याआधी एक काम होतं, कुणी सांगत नाही म्हणून इथे सांगते. माझं आधार वडिलांच्या मोबाइलला जोडलेलं होतं. महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायच्या सरकारी पोर्टलवर, काहीही करायचं तर ओटीपी त्यांच्या फोनवर! बँक खातंही मी अल्पवयीन असताना त्यांनीच उघडलेलं. आधार केंद्रावर जाऊन माझा नंबर टाकून घेतला, स्वतःच्या नावाचं नवं खातं काढलं आणि ते आधारशी जोडून घेतलं. शिष्यवृत्तीची रक्कम आधार जोडलेल्या खात्यातच येते, त्यामुळे घराबाहेर पडलेल्या प्रत्येकीने सुरुवात इथूनच करावी.

मग तलाठी. "वडिलांना घेऊन ये," म्हणाले. मामा बरोबर होते. ते शांतपणे म्हणाले, "भाऊसाहेब, पोरगी सज्ञान आहे, अर्ज तिचा आहे. जमीन किती ते तुमच्याच दप्तरात आहे." मी रेशनकार्डाची झेरॉक्स, सातबारा आणि स्वयंघोषणापत्र पुढे ठेवलं. रेशनकार्डावर माझं नाव अजून होतं, म्हणून बरं झालं. त्यांनी वहीत काहीतरी पाहिलं, गावात दोन फोन लावले आणि चौकशी अहवाल लिहून दिला. त्यावर तहसीलचा दाखला निघाला. कुणीतरी आपलं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं की किती बळ येतं, हे त्या दिवशी कळलं.

जात पडताळणीला वडिलांकडचे पुरावे लागतात. चुलत बहिणीने स्वतःचं वैधता प्रमाणपत्र गुपचूप पाठवलं. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातलं असं प्रमाणपत्र समितीपुढे फार वजनदार ठरतं. घरातलं एखादं तरी माणूस आपल्या बाजूने असतं, ते शोधा.

कॉलेजने आधी पूर्ण फी मागितली. शासन निर्णयाची प्रत जोडून प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. तोंडी बोलण्याचा उपयोग होत नव्हता, पोच घेतल्यावर झाला. तरीही विकास शुल्क, वसतिगृह आणि मेस यांचा भार उरलाच. बँकेत साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण नको म्हणाले, पण सहकर्जदार म्हणून पालक मागितले. मामा सही करायला निघाले होते. त्यांच्या डोक्यावर कर्ज नको म्हणून मीच थांबवलं आणि 'कमवा व शिका'मध्ये नाव घातलं. ग्रंथालयात पुस्तकं लावायचं काम, पैसे तासावर. मेसचं बरंचसं त्यात निघतं.

महाडीबीटीचा अर्ज कॉलेजकडून एकदा परत आला, दाखल्याची प्रत अस्पष्ट म्हणून. रोज लॉगिन करून पाहत होते, त्यामुळे मुदतीत दुरुस्त करता आला. मंजुरीनंतरही व्हाउचर, म्हणजे मंजूर रकमेची ऑनलाइन पावती, पोर्टलवर स्वतः रिडीम करावं लागतं, ते केल्याशिवाय पैसे निघत नाहीत. दरवर्षी अर्जाचं नूतनीकरणही असतं. यंदा दाखल्यासाठी गेले तेव्हा भाऊसाहेबांनी वडिलांबद्दल विचारलं नाही, कितव्या वर्षाला आहेस एवढंच विचारलं.