शेवटचा प्रेक्षक

शुक्रवार, रात्री पावणेदोन

झोप येत नाही म्हणून लिहायला बसले, असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. डोळे मिटतायत. पण 'इन द माउथ ऑफ मॅडनेस' आत्ताच संपलाय आणि हा सिनेमा पाहून लगेच आडवं व्हायचं नाही, हे मी स्वतःला घालून घेतलेलं पथ्य आहे. सातवी वेळ. का आठवी? मोजायचं कधीच सोडून दिलं.

आज दादाला धरून बसवलं होतं. त्याला भयपट म्हणजे दार करकरणं आणि पांढऱ्या साडीतली बाई, एवढंच ठाऊक. पहिला अर्धा तास पठ्ठ्या जागा होता, कारण नायक विम्याचे दावे तपासणारा माणूस आहे. जॉन ट्रेंट. कुणी दुकान जाळून पैसे मागायला आलं की समोरच्याच्या तोंडून हसत हसत खरं काढून घेणारा. दादाला तो फार आवडला. "हा माझ्यासारखा आहे, कुणावर विश्वास ठेवत नाही," म्हणाला. मी गप्प बसले. मग पाऊण तासानं माझ्या बाजूनं घोरण्याचा आवाज यायला लागला. पडद्यावर गाव गिळायला निघालं होतं आणि हा घोरत होता!

उठल्यावर त्याचा एकच प्रश्न: "हस्तलिखित जाळलं ना त्यानं? मग पुस्तक छापलं कसं? झेरॉक्स होती?"

दादा, तो प्रश्न म्हणजेच सिनेमा आहे रे. पण रात्री दीड वाजता हे कोण समजावत बसणार.


शनिवार, दुपार

काल अर्धवट राहिलं ते लिहून टाकते. (ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांनी इथून पुढे वाचू नये. पण माझी रोजनिशी वाचणार कोण?)

गोष्ट अशी. सटर केन नावाचा भयकथालेखक गायब झालाय. त्याची पुस्तकं इतकी खपतात की स्टीफन किंगला विसरा, असं एक पात्र सरळ म्हणतं. पुस्तकं वाचून वाचकांची डोकी फिरतायत, दुकानांबाहेर दंगली होतायत. प्रकाशक ट्रेंटला कामाला लावतो: लेखक शोधून आण, नवं हस्तलिखित आण. ट्रेंटची खात्री, की हा सगळा खप वाढवायचा बनाव आहे. केनच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरचे तुकडे कापून जोडल्यावर त्यातून न्यू हॅम्पशायर राज्याचा आकार उमटतो आणि त्यात एक गाव, हॉब्ज एन्ड, जे कुठल्याच नकाशात नाही. संपादिका लिंडा स्टाइल्स हिला सोबत घेऊन तो निघतो.

त्या प्रवासाबद्दल मी कितीही बोलू शकते. रात्र, गाडी लिंडा चालवतेय, ट्रेंट शेजारी झोपलाय. पुढे एक सायकलवाला मुलगा. चाकाच्या आऱ्यांत पत्ता अडकवलाय, त्याची टकटक ऐकू येते. गाडी त्याला मागे टाकते. थोड्या वेळानं पुन्हा तीच टकटक, पुन्हा तोच सायकलवाला, पण आता केस पांढरे आणि चेहरा म्हाताऱ्याचा. मग गाडी त्याला धडकते, आणि रस्त्यावर पडलेला तो पुटपुटतो की मला बाहेर पडता येत नाही, तो मला सोडत नाही. उठतो, सायकलवर बसतो, अंधारात निघून जातो. पुढे रस्त्यावरची पिवळी रेघच नाहीशी होते, चाकांखाली रस्त्याऐवजी ढग दिसतात, एका छपराच्या लाकडी पुलातून गाडी धाडधाड जाते आणि पलीकडे लख्ख ऊन. गाव आलं. ट्रेंट जागा होतो. रेघ, ढग, पूल, यातलं त्यानं काहीही पाहिलेलं नसतं.

हे शेवटचं वाक्य मला पहिल्या तीन वेळा कळलंच नव्हतं. पुरावा मागणारा माणूस पुराव्याच्या वेळी झोपलेला. (दादा, तू खरंच त्याच्यासारखा आहेस.)

पुढे ट्रेंट गाव सोडून पळायला बघतो तेव्हा गाडी कितीही हाकली तरी पुन्हा त्याच जमावासमोर येऊन उभी राहते. आपल्याकडे याला सरळ शब्द आहे: चकवा. फरक एवढाच, की चकव्यातून सकाळ झाली की सुटका असते.


रविवार

आज दिवसभर एकच गोष्ट डोक्यात. या प्रकाराला कॉस्मिक हॉरर का म्हणतात, आणि साध्या भुताच्या गोष्टीपेक्षा तो मला जास्त का लागतो.

भूत कसंही असलं तरी ते आपल्यासाठी आलेलं असतं. त्याला आपलं नाव ठाऊक असतं, आपल्या घराण्याशी त्याचं काही देणं असतं. त्यात एक प्रकारचा मान आहे. अमेरिकन भयकथालेखक लव्हक्राफ्टनं १९२०-३०च्या दशकांत जे लिहिलं त्यात हा मानच काढून घेतला. त्याच्या कथांतल्या प्राचीन शक्ती आपल्यावर रागावलेल्या नसतात. त्यांच्या हिशेबात आपण नसतोच. रस्त्याचं काम करणारा रोलर मुंगीवर चिडलेला नसतो, तसं. दिग्दर्शक जॉन कार्पेंटरच्या या सिनेमाचं नावही लव्हक्राफ्टच्या 'ॲट द माउंटन्स ऑफ मॅडनेस'वरूनच बेतलंय. गावातल्या हॉटेलच्या म्हातारीचं आडनाव पिकमन आहे, तेही लव्हक्राफ्टच्याच एका कथेतलं. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा एकटीच टाळी वाजवली होती.

गीतेतला अकरावा अध्याय आठवला. अर्जुन विश्वरूप पाहतो आणि पाहून झाल्यावर काय मागतो? की देवा, हे आवर, तुझं ते ओळखीचं रूप पुन्हा दाखव. आणि कृष्ण ते दाखवतो! माझ्या मते त्या अध्यायातली सगळ्यात मोठी कृपा दर्शनात नाही, ते आवरण्यात आहे. सटर केनच्या गावात आवरणारं कुणी नाही. उलट केन स्वतःचा चेहराच कागदासारखा टरकन फाडतो, आणि फाटलेल्या कडांपलीकडे काळोख. ट्रेंट त्यात वाकून बघतो. त्याला काय दिसतं ते कार्पेंटर आपल्याला धड दाखवत नाही. लिंडा शेजारी उभी राहून हस्तलिखितातलं तेच पान वाचत असते, त्यात ट्रेंट वाकून बघतोय असं लिहिलेलं असतं. आपल्या वाट्याला फक्त वर्णन येतं. मग त्या काळोखातले राक्षस बोगद्यातून त्याच्यामागे धावतात, तेही ओझरते. इतके कष्ट करून बनवलेले राक्षस आणि दाखवायचे पापणी लवेपर्यंत. या एका निर्णयासाठी मी कार्पेंटरला बाकीचं सगळं माफ करते.

बाकीचं म्हणजे आहेच. सुरुवातीची ती गिटार मला अजून पचलेली नाही. राक्षस भुयारातून येणार आहेत की मोटारसायकलवरून, असं वाटतं. लिंडाच्या पात्राला पटकथेनं फार काही दिलेलं नाही. हॉटेलातला भाग रेंगाळतो. पण त्याच हॉटेलात भिंतीवरचं चित्र दर वेळी थोडं बदललेलं असतं आणि ती गोड म्हातारी गल्ल्यामागे उभी असताना तिच्या पायाशी काय बांधलंय ते आपल्याला उशिरा दिसतं. म्हणजे रेंगाळण्याचेही पैसे वसूल.

ट्रेंट झालेला सॅम नील मात्र निर्विवाद. १९९३ साली 'जुरासिक पार्क'मध्ये डायनोसॉरांच्या बेटावरून परतलेला हा सभ्य शास्त्रज्ञ इथे अंगभर आणि भिंतभर काळे क्रूस काढून वेड्यांच्या इस्पितळात बसलाय. त्यात तिथे स्पीकरवर कार्पेंटर्स या जोडगोळीचं गुळचट गाणं लागतं आणि हा वैतागतो, अरे देवा, आता हेही! दिग्दर्शकाचं आडनाव आठवलं की हा विनोद दुप्पट होतो. भीती आणि हसू त्याच्या चेहऱ्यावर एकाच वेळी नांदतात, दोघांना भांडायला न लावता.


मंगळवार, रात्री

हा सिनेमा अमेरिकेत फेब्रुवारी १९९५ मध्ये लागला आणि तिथे त्यानं जेमतेम ८९ लाख डॉलर कमावले. आला तसा गेला. कार्पेंटरच्या नशिबात हे आधीपासूनच. १९८२ साली त्याचा 'द थिंग' आला तो स्पीलबर्गच्या 'ई. टी.'नंतर दोन आठवड्यांनी. लोकांना तेव्हा परग्रहावरून आलेलं लाडकं पोर हवं होतं, याचं कुत्र्याच्या पोटातून फुटणारं काहीतरी नको होतं. समीक्षकांनी धुतला. आज तोच भयपटांच्या यादीत वरच्या रांगेत बसतो. 'द थिंग', १९८७ चा 'प्रिन्स ऑफ डार्कनेस' आणि हा तिसरा, यांना कार्पेंटर स्वतःच जगबुडीची त्रयी म्हणतो. तिन्हींची कथानकं वेगळी. पण तिन्हींत शेवटी दार बंद होतं ते आपल्या बाजूनं नव्हे.

पहिल्याला न्याय मिळाला, दुसऱ्याला थोडा. तिसऱ्याचं नाव अजून "अरे हो, तोही चांगला आहे" या सुरात घेतलं जातं. हे "तोही" मला खुपतं.

आणि खरं सांगायचं तर उलटंही खुपतं. गेल्या काही वर्षांत या सिनेमाला मानणारे वाढलेत. कुणीतरी भेटतं, बोलता बोलता सॅम नीलचा विषय निघतो आणि समोरचा डोळे बारीक करून विचारतो, "निळा रंग आवडतो का?" (बसमधला प्रसंग. ट्रेंटला डुलकी लागते, केन शेजारी येऊन बसतो, माझा आवडता रंग निळा हे तुला कधी सांगितलंय का, असं विचारतो. ट्रेंट दचकून जागा होतो तर सगळं जग निळं.) असा ओळखीचा संकेत मिळाला की आनंद होतो, आणि त्याच क्षणी आत काहीतरी कुरकुरतं. इतकी वर्षं हा माझा एकटीचा होता.

मग हसूही येतं, कारण सिनेमा नेमका याच्यावरच आहे. लिंडा सुरुवातीलाच म्हणते, शहाणं कोण आणि वेडं कोण हे संख्येवर ठरतं. वेडे जास्त झाले तर तू कोठडीत आणि बाहेर ते. केनचं सामर्थ्य त्याच्या लिखाणात नाही, वाचकांत आहे. जितके मानणारे, तितकं ते खरं. शेवटी ट्रेंट प्रकाशकाकडे येतो आणि कळतं, की हस्तलिखित त्यानं स्वतःच काही महिन्यांपूर्वी आणून दिलंय, पुस्तक बाजारात आहे, लिंडा नावाची बाई कधी नव्हतीच. दादाच्या झेरॉक्सचं उत्तर हे. आणि जे वाचत नाहीत त्यांचं काय? त्यांच्यासाठी सिनेमा येतोय.

सुरुवातीला काच फोडून आत घुसलेला कुऱ्हाडवाला ट्रेंटला एवढंच विचारतो: तू सटर केन वाचतोस का? मी आजवर किती जणांना विचारलंय, हा सिनेमा पाहिलास का? कुऱ्हाड नव्हती, एवढंच. हिशेब मांडला. पाच जणांना दाखवला. एक झोपला (दादा). एक मैत्रीण कुऱ्हाड दिसताच उठून गेली. एकजण शेवटी म्हणाला, "म्हणजे सगळं स्वप्न होतं?" त्याच्याशी मी दोन दिवस बोलले नाही. एकीला आवडला, पण "जरा जुना वाटतो". आणि एकजण काहीच बोलला नाही, पाणी प्यायला, घरी गेला, रात्री तीन वाजता त्याचा मेसेज आला: "तो शेवटी रडतो का हसतो?"

तो माझा खरा माणूस.

कारण तो शेवट. जग संपलंय. इस्पितळाची दारं उघडी, रस्ते ओस. ट्रेंट एका थिएटरात शिरतो. बाहेर पोस्टर लागलंय, त्यावर त्याचंच नाव. हातात पॉपकॉर्न, समोर रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा, पडद्यावर तोच. आपण आत्तापर्यंत पाहिला तोच सिनेमा. हे सगळं खोटं आहे म्हणून तो पडद्यावर ओरडत असतो आणि खुर्चीतला तो हसत सुटतो. हसता हसता आवाज फाटतो. जगातला शेवटचा प्रेक्षक, आणि बघायला उरलं काय, तर स्वतःचा हट्ट.

रडतो का हसतो, त्या मेसेजला मी अजून उत्तर दिलेलं नाही. दर वेळी वेगळं वाटतं.


शुक्रवार, सकाळी

दादाचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलला. मग मध्येच: "काल रात्री उशिरा येत होतो. एका सायकलवाल्याला ओव्हरटेक केलं."

"मग?"

"मग काही नाही. आरशात बघितलं नाही."

मी काही बोलले नाही. हसू आवरत होते.

"शेवट काय होता गं त्याचा? मी झोपलो होतो."

"सांगणार नाही. उद्या ये."

"येतो. ऑफिसमधले दोघं येतील म्हणतायत. मी त्यांना सांगितलं त्या सिनेमाचं."

दोघं. म्हणजे उद्या चार खुर्च्या लागतील. माझ्याकडे तीनच आहेत, मी खाली बसेन.