कपाटातल्या जोड्या

रविवार, रात्र

आज काचेचं कपाट रिकामं करून मीठ-मिरी शिंपडायच्या गमतीदार आकारांच्या डब्यांच्या सगळ्या जोड्या पुसल्या. उभा जन्म या नादात गेला, तरी ‘यात एवढं काय ठेवलंय?’ असं कुणी विचारलं की अजून त-त-प-प होतं. आज पुसता पुसता उत्तर सुचलं: मला त्या दोघांमधलं नातं आवडतं. कुत्र्याच्या आकाराच्या डबीत मिरी, हाडाच्या डबीत मीठ. दोघं शेजारी असले तरच गंमत. एक हरवला की दुसऱ्याकडे पाहून हसू येत नाही. एकाच साच्यातली जुळी, फक्त भोकांची संख्या वेगळी, असली जोडी मी फुकट मिळाली तरी आणत नाही.

रूथ व्हॅन टेलिंगेन या डिझायनर बाईंच्या नावाने ओळखले जाणारे ‘हगर्स’ मात्र कितीदाही हातात घ्यावेत. दोन आकृती एकमेकींना अशा मिठी मारतात की दोघींचे हात नेमके एकमेकींच्या पाठीवर बसतात. मीठ हवं असेल तर मिठी सोडवायची!

हे सगळं शक्य झालं ते मीठ मोकळं पडू लागल्यामुळे. पूर्वी ते दमट हवेत गोळा व्हायचं, म्हणून उघड्या वाटीतून चमच्याने घ्यायचे. १९११ मध्ये मॉर्टन या मिठाच्या कंपनीने त्यात मॅग्नेशियम कार्बोनेट मिसळलं आणि अमेरिकेत भोकांच्या झाकणाला खरा अर्थ आला. पुढे तीसच्या दशकातल्या मंदीत महागडी भांडी कोण घेणार? चिनी मातीच्या कारखान्यांना अशा स्वस्त, गमतीच्या वस्तूंनी हात दिला. जपाननेही त्या ढिगाने बनवल्या. माझ्या एका हसऱ्या बदकजोडीच्या बुडाशी ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असा शिक्का आहे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, १९५२ पर्यंतच्या अमेरिकी ताब्यातल्या काळातली. वर बदकं, खाली पराभव.

सगळाच विनोद निरागस नव्हता म्हणा. कृष्णवर्णीय स्वयंपाकिणींची विद्रूप व्यंगचित्रं करून विकलेल्या जोड्याही त्या काळात घरोघरी होत्या. इतिहास म्हणून त्या जपणारे आहेत. त्यांचं म्हणणं मला पटतं, पण माझ्या कपाटात त्यांना जागा नाही.

अमेरिकेत टेनेसीतल्या गॅटलिनबर्गला याच वस्तूंचं संग्रहालय आहे, वीस हजारांहून जास्त जोड्यांचं. अँड्रिया लुडेन या पुरातत्त्वज्ञ बाईंनी ते उभं केलं. त्यांना म्हणे फक्त नीट चालणारी मिरीची चक्की हवी होती! अशीच सुरुवात होते.

मीठ कशातच भरलेलं ठेवत नाही. ओल धरतं, धातूची झाकणं खातं. पाहुणे हिरमुसतात, त्याला इलाज नाही. जुनी बुचं मात्र आज बरीच चुरली. उद्या मापं घेऊन नवी मागवायची.