मोबाइलच्या उजेडातला चेहरा: कुठवर आलंय

फोटोचा विषय अजून तोच आहे. अंधाऱ्या खोलीत मोबाइलवर मॅच बघणारा माणूस. मॉडेल आमचे काका, जागा कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या घराची माडी, आणि मॅच शाहू स्टेडियमवरची, म्हणजे फुटबॉलच.

चेहऱ्यावरचा उजेड मी मोबाइलचा न घेता दुसऱ्या दिव्यानं पाडतो. त्यासाठी खरा मोबाइल का नको, असं बऱ्याच जणांनी विचारलं. चालतो की. पण उजेड इतका कमी की आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० च्या खाली उतरता येत नाही आणि पडद्यावर चित्र बदललं की एक्सपोजर हलतं. शिवाय ब्राइटनेस कमी केला की अनेक अमोलेड (मोबाइलच्या पडद्याचा एक प्रकार) पडदे भराभर उघडझाप करतात. शटर वेगात ठेवलं की फोटोत पट्टे आलेच.

मग खिशात मावणारं एलईडी पॅनेल घेतलं आणि त्यावर जुन्या मोबाइलचं कव्हर चढवलं. कॅमेऱ्याला फक्त मोबाइलची पाठ दिसते. सिनेमे काढणाऱ्या बाबूराव पेंटरांनी ज्या गावात कॅमेरा घडवला, तिथं एवढ्या जुगाडाची कसली लाज!

खरा फरक पडला तो ह्या लहान आकारानं. मोठा सॉफ्टबॉक्स (कापडातून मऊ उजेड देणारी दिव्याची पेटी) दीड मीटरवर ठेवला की चेहऱ्याबरोबर छाती आणि मागची भिंतही उजळते, आणि डोळ्याला ते लगेच खोटं वाटतं. पॅनेल नाकापासून वीतभर अंतरावर असलं की उजेड कानापर्यंत पोचेस्तोवर पार मंदावतो. अंतर दुप्पट झालं की साधारण दोन स्टॉप गेले, म्हणजे उजेड पाव राहिला. हनुवटीखालून येणारा उजेड, नाकाची वर चढणारी सावली, हे सगळं आपोआप जमतं.

निळ्या रंगाचा सोस मात्र सोडा. पडदा ६५०० केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप; आकडा मोठा तेवढा उजेड निळा) आसपास, म्हणजे पांढराच असतो. फ्लॅशवर फुल सीटीबी जेल (निळा पारदर्शक कागद) लावलं तर हिशेब २० हजार केल्विनच्या घरात जातो आणि माणूस भुताच्या सिनेमातला दिसायला लागतो. मी पॅनेल ६५०० वर, कोपऱ्यात २७०० चा पिवळा बल्ब आणि कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (कॅमेरा कुठला उजेड पांढरा धरतो ते) ४००० वर ठेवतो. शटर १/५०, म्हणजे बल्बच्या लुकलुकण्याचाही त्रास नाही. निळेपण जेवढं हवं तेवढं त्यातूनच येतं.

काकांच्या चष्म्यानं वेगळाच घोळ घातला. काचेत कोरा पांढरा चौकोन दिसायचा. झेरॉक्सच्या दुकानातून ओएचपी शीटवर (पारदर्शक प्लॅस्टिकच्या कागदावर) मैदानाचा फोटो रंगीत छापून आणला आणि पॅनेलवर चिकटवला. चष्म्यात मैदान आलं, पण गालावर हिरवी झाकही आली. खरं तर मॅच बघताना तसंच होतं, तरी फोटोत माणूस आजारी वाटतो. आता हिरवा फिका करून पुन्हा छापायचा आहे.

काकांची तक्रार निराळीच: "ह्यात मॅच कुठं दिसतीय? मग तोंडावर भाव कुठनं आणू?" म्हणून खरा मोबाइल उशीखाली ठेवून नुसती कॉमेंट्री लावली. गोल झाल्यावरची फ्रेम सगळ्यात भारी आलीय.