एकवीस हजारांचा दाखला

2025 च्या भाऊबीजेला बहिणीकडे पुण्याला गेलो होतो. ओवाळणं झालं, पंगत उठली, पण मी आणि भाचा ताटावरच बसून राहिलो. हात वाळले तरी वाद संपेना. विषय निघाला होता सरकारी पैशांच्या वाटपाचा. भाचा शिकलेला, चांगल्या नोकरीत, कर भरणारा. तो म्हणाला, "मामा, तुमच्या त्या निराधार योजनेच्या यादीत निम्मे लोक उत्पन्नाच्या खोट्या दाखल्यावर बसलेत. तुम्हालाही माहीत आहे."

मी म्हणालो, "निम्मे नाहीत. मी पाहिलेत ते जवळजवळ सगळे."

तो गप्प झाला. मी बाजू मांडीन असं त्याला वाटलं होतं. बाजू मांडायचीच आहे, पण ती पंगतीत दहा मिनिटांत मांडून होण्यासारखी नाही. म्हणून इथे लिहितो.

मी माणदेशातल्या एका तालुक्याच्या गावी बँकेत 29 वर्षं काढली, त्यातली बरीचशी कॅशच्या खिडकीत. निराधारचा पगार ज्या दिवशी जमा होई त्या दिवशी सकाळी नऊपासून पायऱ्यांवर बायका बसलेल्या असत. आमच्याकडे त्याला कोणी अनुदान म्हणत नाही, पेन्शन म्हणत नाही. पगार म्हणतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत पासबुक, पिशवीला रबर, रबराखाली आधार कार्ड. पगार 600 रुपये होता तेव्हा बऱ्याच जणी 500 काढायच्या आणि म्हणायच्या, "शंभर राहू द्या, पुढल्या खेपेला होतील." पावतीवरच्या सह्या आणि अंगठे पाहून पाहून माणूस तोंडाआधी सहीवरून ओळखू यायला लागला होता. निवृत्त झाल्यावर घरी करमेना. तेव्हापासून आठवड्यातले दोन दिवस तहसीलच्या आवारात लिंबाखाली बसतो आणि लोकांचे अर्ज भरून देतो. पैसे घेत नाही.

संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात 1980 साली सुरू झाली. विधवा, परित्यक्ता, अनाथ मुलं, दुर्धर आजारी, अपंग, ज्यांना कोणी नाही अशी माणसं. वयाची 65 वर्षं झाली की श्रवणबाळ योजना. योजना चांगलीच आहे, आणि ज्यांनी ती आणली त्यांचे उपकार मी मानतो. रक्कमही वाढत गेली. 600 चे 2019 मध्ये 1000 झाले, 2023 मध्ये 1500. पण पात्र ठरायला दोनच वाटा आहेत. एक तर दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवं, आणि ती यादी 2002 च्या सर्वेक्षणाची. त्या वर्षी ज्यांच्या घरात कमावता नवरा होता, त्यांचं नाव तिच्यात कुठून येणार? दुसरी वाट म्हणजे उत्पन्नाचा दाखला. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत पाहिजे. रक्कम अडीच पट झाली, आकडा मात्र जागचा हलला नाही. अपंगांसाठी तो 50,000 केला, म्हणजे 21,000 पुरेसे नाहीत हे सरकारलाही कळलेलं आहे. विधवेला मात्र 21,000 च राहिले.

भाच्याला मी पंगतीतच हिशोब करायला लावला. एकवीस हजाराला 365 नी भाग. दिवसाला साडेसत्तावन्न रुपये येतात, आणि तेही एका माणसाचे नव्हेत, अख्ख्या घराचे. आता दुसरा हिशोब. रोजगार हमी योजनेची, म्हणजे रोहयोची, महाराष्ट्रातली मजुरी 2024-25 मध्ये दिवसाला 297 रुपये होती, 2025-26 मध्ये 312 झाली. 297 च्या दरानं एखादी बाई 71 दिवस कामावर गेली की तिचं उत्पन्न एकवीस हजारांच्या वर जातं. आणि तेव्हाचा रोहयोचा कायदा हमी कितीची देत होता? शंभर दिवसांची. म्हणजे सरकारनं एका हातानं कबूल केलेलं काम तिनं पुरतं केलं, तर दुसरा हात तिला सांगणार की तू आता निराधार राहिली नाहीस.

मग पगार मिळतो कुणाला? जी खोटं लिहून देते तिला. दुसरं उत्तर मला सापडलेलं नाही.

आमच्या शेजारच्या वस्तीवरची एक बाई आहे. नाव लिहीत नाही, मावशी म्हणतो. नवरा मुंबईला हमाली करायचा, 2019 मध्ये वारला. मुलगी लग्न होऊन गेली. जमीन नाही. पत्र्याची एक खोली, दोन शेळ्या. खुरपणी, कांदा काढणी, डाळिंबाच्या बागेतलं काम, जे मिळेल ते. 2023 च्या पावसाळ्यात ती माझ्याकडे आली तेव्हा 61 वर्षांची होती. त्याआधी ती एकटीच जाऊन एक अर्ज करून आली होती. तलाठ्यानं विचारलं, मावशी वर्षाला किती मिळतात? तिनं बोटं मोजून सांगितलं. अडीचशे रुपये रोज, साधारण 130 दिवस, म्हणजे साडेबत्तीस हजार. वर शेळीची करडं विकली त्याचे साडेपाच. दाखला 38,000 चा निघाला. अर्ज नामंजूर. कागदावर कारण लिहिलं होतं की उत्पन्न विहित मर्यादेपेक्षा जास्त आहे.

ते मी तिला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "खरं सांगितलं म्हून नाय म्हणत्यात व्हय?"

तलाठ्याची चूक नव्हती. त्यानं ऐकलं ते लिहिलं. उलट इतर बायकांच्या वेळी त्यालाही डोळे मिटून वीस हजार लिहावे लागतात, आणि उद्या चौकशी निघाली तर अडकणार तोच. आवारात एक एजंट फिरत असतो. तो मावशीला म्हणाला होता, दोन हजार द्या, दाखल्यापासून प्रकरण मंजूर होईस्तोवर सगळं बघतो. दोन हजार म्हणजे तिचे आठ दिवसांचे रोज. मी म्हणालो, एजंट नको, आपण करू.

दाखल्याच्या अर्जाला एक स्वयंघोषणापत्र जोडावं लागतं. त्यात शेवटी असं येतं की वरील माहिती खरी आहे, ती खोटी निघाली तर माझ्यावर खटला भरला जाईल व मी शिक्षेस पात्र राहीन, याची मला जाणीव आहे. बाकीचे लोक ते न वाचता सही घेतात. मला वाचल्याशिवाय कुणाची सही घेता येत नाही, खिडकीतली सवय आहे. उत्पन्नाच्या रकान्यात 20,000 लिहिलं आणि मग खालचं तिला वाचून दाखवलं.

"मग मला धरून नेतील का?"

"नाही मावशी, कुणी नेत नाही."

"मग ते लिवलंय कशाला?"

मला उत्तर देता आलं नाही. मी पेन पुढे केलं. मावशीला सही येते. साक्षरतेच्या वर्गात ती शिकली होती, आणि बँकेच्या पावतीवर तिची सही मी कितीतरी वेळा पाहिली होती. पहिलं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव, तिन्ही शब्द वेगवेगळ्या उंचीचे. तिनं पेन घेतलं नाही. म्हणाली, "नावानं नको. अंगठा घ्या."

पुढच्या वर्षी जानेवारीत प्रकरण मंजूर झालं, पगार सुरू झाला.

भाच्याला हा प्रसंग सांगितला तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे खोट्या दाखल्यात तुम्ही स्वतः हात दिलात." हो, दिला. ते अक्षर माझं आहे. पण तो ज्याला चोरी म्हणतो तिचा सगळा तोटा त्या बाईलाच झाला, हे मला त्याला पटवायचं होतं. तिला महिन्याला 1500 मिळतात, वर्षाचे अठरा हजार. आणि त्या बदल्यात सगळ्या गावाच्या हाती तिची एक दुखरी नस आली. दाखला खोटा आहे हे तलाठ्याला माहीत, एजंटाला माहीत, ग्रामपंचायतीच्या सदस्याला माहीत. तालुक्याच्या निराधार समितीवर राजकीय नेमणुकीची माणसं असतात. निवडणूक आली की वस्तीवर येऊन सांगतात, तुझा पगार आम्ही चालू केला, बंद करायला एक अर्ज पुरतो. ती दारू गाळणाऱ्याविरुद्ध ग्रामसभेत उभी राहत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आता ती ग्रामसभेला येते आणि मागं बसते. कागद खरा असता तर हे धाडस कुणाला झालं नसतं.

या एका गोष्टीचा मला सगळ्यात राग येतो. 1500 रुपये कमी आहेत याचा आहेच. केंद्र सरकार विधवा पेन्शनपोटी जे 300 रुपये देतं ते 2012 पासून तेवढेच आहेत, त्याचाही आहे. पण गरिबाला मदत देताना आधी त्याला गुन्हेगार करून घ्यायचं, हे फार वाईट आहे. पैसे कमी पडले तर माणूस पोट मारतो. मान खाली गेली की ती सहज वर येत नाही.

भाचा म्हणाला, "मर्यादा वाढवली तर नको ते लोक घुसतील." मी त्याला विचारलं, आज ही मर्यादा कुणाला अडवते? ज्याच्याकडे एजंटाला द्यायला दोन हजार आहेत तो आत गेलेलाच आहे. बाहेर राहतात ते ज्यांच्याकडे तेवढेही नाहीत ते, आणि मावशीसारखे, खरं सांगून मोकळे होणारे. त्या पहिल्या अर्जानंतर ती माझ्यापर्यंत आली नसती तर ती आजही बाहेर असती. मजुराचं वर्षाचं उत्पन्न असा काही आकडाच नसतो. पाऊस कसा झाला, कांद्याला भाव काय मिळाला, गुडघा किती दुखला, यावर तो ठरतो. दाखल्यावर काय लिहायचं हे म्हणूनच लिहिणाऱ्याच्या मर्जीवर जातं. पण बाई विधवा आहे, घरात कमावतं माणूस नाही, सातबारा नाही, हे अख्ख्या गावाला दिसतं. ग्रामसभेत यादी मोठ्यानं वाचा, हरकत असेल तर तिथंच घ्या. आकडाच पाहिजे असेल तर तो निदान रोहयोच्या शंभर दिवसांच्या मजुरीच्या वर ठेवा आणि मजुरी वाढेल तसा आपोआप वाढू द्या. हे करायला कुठला नवा विभाग लागत नाही. मी आमदारांना दोनदा लेखी दिलंय, पोच माझ्याकडे आहे.

आणि सरकारला मोठा आकडा धरता येत नाही असंही नाही. जुलै 2024 मध्ये लाडकी बहीण आली. पैसे तेवढेच, 1500. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाच नको. सुरुवातीला पाच एकरांची अट होती, तीही काढली. अर्ज घेणाऱ्या सेतू केंद्रापुढे रांग रस्त्यापर्यंत गेली होती, त्या रांगेतही मी अर्ज भरले. त्या बायकांना पैसे मिळाले याचा मला आनंदच आहे. घरात बाईच्या नावावर पैसे येणं ही काय चीज असते ते मी खिडकीतून 29 वर्षं पाहिलंय. पण ज्यांच्या दारात ट्रॅक्टर उभा आहे त्या घरातल्या सुनेला खरं लिहून 1500 मिळाले आणि मावशीला खोटं लिहून, हे कुठल्या न्यायात बसतं?

मावशीला हे वस्तीवर कळलंच. ती आली, लिंबाखाली टेकली. म्हणाली, "भाऊ, मग मी हे सोडून त्यात जाऊ का? तिथं खरं चालतंय म्हणत्यात."

दोन्ही मिळत नाहीत, एकच घेता येतं. मी हिशोब केला. ती तेव्हा 62 ची. लाडकी बहीण 65 ला संपते. म्हणजे तीन वर्षं ती खऱ्या कागदावर पैसे घेईल, आणि पासष्टी झाली की श्रवणबाळच्या दारात उभी राहील. तिथं मर्यादा पुन्हा तीच, एकवीस हजार. तेव्हा नव्यानं दाखला, नव्यानं तलाठी, नव्यानं समिती, आणि तोवर मी असेन की नाही कुणास ठाऊक. चालू पगार सोडून नवीन प्रकरण बसेपर्यंत खंड पडला तर ती खाईल काय? मी म्हणालो, "राहू द्या मावशी, आहे तेच बरंय." ती काही बोलली नाही. खरं बोलायची एक संधी तिला तीन वर्षांसाठी का होईना मिळत होती, ती मी तिला घेऊ दिली नाही. माझा सल्ला व्यवहारानं बरोबर होता असं मला आजही वाटतं, आणि तरी तो आठवला की झोप लागत नाही.

भाच्याशी वाद मिटला नाही. निघताना तो बसस्टँडवर सोडायला आला आणि म्हणाला, मला एकदा तुमच्या तहसीलला यायचंय. ये म्हणालो.

पगार चालू राहायला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. 2025 च्या उन्हाळ्याच्या तोंडाला मावशी त्यासाठी आली होती. मी कागद भरला, वाचून दाखवला. ती जिवंत आहे, एवढंच त्यात होतं. शाईचा पॅड मी उघडून ठेवला होता. तिनं तो बाजूला सारला, माझ्या खिशातलं पेन मागितलं आणि सावकाश पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट.