ताम्हिणीचा पाऊस आणि जिप्सीच्या तळातली चार बुचं

पुणे, मुळशी, ताम्हिणी, विळे, निजामपूर, माणगाव. जुलैतली ही वाट बंद काचांच्या गाडीत बसून केली तर नुसती देखणी आहे. आमची मारुती जिप्सी कॅनव्हासच्या हूडची, त्यामुळे ताम्हिणी तिला आतूनही धुऊन काढतो. म्हणून उन्हाळ्यातच घरच्या घरी तिच्या तळाला चार भोकं पाडून रबरी बुचं बसवली होती. ती पावसात कशी चालतात ते बघायचं होतं.

तळात साचणारं पाणी ओढ्यातून येतं असं बहुतेकांना वाटतं. जिप्सीत ते मुख्यतः वरून येतं. घाटमाथ्यावर वारा सुटला की हूडच्या चेनमधून आणि दारांच्या फटींतून धार लागते, शिवाय धबधब्याखाली उभं राहून आलेली मंडळी आपापलं पाणी घेऊन चढतात. विळ्याला चहासाठी थांबलो तेव्हा मागच्यांच्या पायाशी बुटांचे तळवे बुडतील एवढं साचलं होतं. बुचं काढली आणि चहा यायच्या आत तळ रिकामा झाला. पूर्वी हेच काम टमरेल आणि स्पंजनं चालायचं, तेही अर्धवट.

भोक पाडणं सोपं आहे, जागा ठरवणं अवघड. रस्ता कडेला उतरता असतो, म्हणून डावीकडे थांबलेल्या गाडीत पाणी डावीकडे जातं आणि चढावर मागे सरकतं. गाडी सपाटीवर उभी करा, मग पुढची चाकं फळीवर चढवा आणि दोन्ही वेळा तांब्याभर पाणी ओतून बघा. आमच्या गाडीत पाणी पाय ठेवायच्या खळग्यांच्या मागच्या, बाहेरच्या कोपऱ्यांत जमलं. भोकं तिथेच पाडली.

ड्रिल हातात घेण्याआधी गाडीखाली झोपा. ब्रेकचा पाइप, पेट्रोलचा पाइप, वायरिंग, चासीचा दांडा, सायलेन्सर यांतलं काही त्या जागेच्या खाली किंवा जवळ असेल तर जागा बदला. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. कार्पेट आणि त्याखालचा नमदा उचलून टाका. तो नमदा ओल धरून बसतो आणि पत्रा त्याच्याखालीच सडतो. आधी 3 मिमीचं भोक, मग स्टेप बिटनं (पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत जाणारं ड्रिलचं टोक) बुचाच्या मापाचं. आम्ही 25 मिमीचं केलं. खाली नट खोलायच्या पान्याचा मोठा सॉकेट धरून वरून हातोडीनं कडा हलकेच खाली बसवा, नाहीतर भोकाभोवती पाण्याचं तळं उरतं. कानशीनं धार मोडा, झिंक प्रायमर आणि वर रंगाचे दोन हात द्या, पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात हे काम काढूच नका, रंग वाळत नाही. गाडी महिंद्रा थार असेल तर आधी तळ तपासा. 2020 नंतरच्या काही थारमध्ये कंपनीचीच बुचं आहेत.

विळ्याहून भिऱ्याच्या बाजूला एका ओढ्यात पाणी तळाच्या वर चढलं. बुचं पाण्याच्या दाबानं उडतील अशी भीती बरेच जण घालतात. फूटभर पाण्याचा जोर 25 मिमीच्या भोकावर जेमतेम दीडशे ग्रॅम भरतो, घट्ट बसलेलं बूच त्यानं हलत नाही. एक बूच गेलं ते खडीनं खालची कड फाटल्यामुळे. जादाची दोन जवळ असू द्या.

ओढ्यात आधी माणूस उतरवा. गुडघ्यावर वाहतं पाणी असेल तर परत फिरा. कुंडलिकेच्या पात्रात गाडी घालायचा मोह तर टाळाच. भिऱ्याच्या वीजघरातून सोडलेलं मुळशीचं पाणी त्याच नदीत येतं, त्यामुळे पाऊस नसतानाही पातळी चढते. ताम्हिणीच्या अभयारण्यात डांबर सोडून गाडी घालणाऱ्यांना आमच्याकडून काहीच सल्ला नाही.

चालत्या गाडीत बुचं बंदच हवीत. उघड्या भोकांतून चिखल येतोच, पण खरा धोका सायलेन्सरच्या धुराचा. हूड आणि दारं बंद असताना तो आत कोंडतो. पाणी काढायचं ते गाडी थांबवून, इंजिन बंद करून.

घरी आल्यावर चारही बुचं काढून तळ गोड्या पाण्यानं धुवा. किनाऱ्यापर्यंत गेला असाल तर नक्कीच. एक रात्र तसाच उघडा ठेवा. भोकाच्या कडेला तांबूस दिसलं तर त्याच आठवड्यात घासून पुन्हा प्रायमर लावा. बूच विकत घेताना पत्र्याचा तुकडा सोबत न्या. बुचाची खोबणी पत्र्याच्या जाडीला बसली नाही तर ते ठिबकतच राहतं.