तुम्ही विचारलंत म्हणून: बाद झालेला फोटो मी अजून का दाखवते?

लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेचा ऑक्टोबरात निकाल लागला की गोव्यातल्या वाळपईच्या आमच्या वाचनालयात मी माझे आवडते फोटो पडद्यावर दाखवते. नवे असतात, जुनेही असतात. मग चहाच्या वेळी कोणीतरी जवळ येऊन हळूच विचारतं, "मॅडम, तो मुंगीखाऊचा फोटो खोटा निघाला ना? मग दाखवता कशाला?" मला जणू पत्ताच नाही, अशा सुरात. पत्ता आहे हो मला. एकदाच सविस्तर सांगते.

२०१७ साली 'प्राणी आणि त्यांचा परिसर' या गटात तो पहिला आला. ब्राझीलच्या एमास राष्ट्रीय उद्यानात मार्सिओ काब्राल यांनी काढलेला. रात्रीची वेळ, वाळवीचं उंच वारूळ, त्याच्यावर हिरवे ठिपके. ते दिवे एका जातीच्या भुंग्यांच्या अळ्यांचे. पहिल्या पावसात पंख फुटलेली वाळवी बाहेर पडते, तिला भुलवून खायला त्या चमकतात. वर तारे आणि पायथ्याशी वारुळावर तुटून पडलेला मुंगीखाऊ. एप्रिल २०१८ मध्ये फोटो बाद झाला. उद्यानाच्या एका प्रवेशद्वारापाशी पेंढा भरलेला मुंगीखाऊ ठेवलेला होता. त्याची ठेवण, मानेवरचे पट्टे, केसांचे उभे झुपके या फोटोतल्या प्राण्याशी जुळतात, असं तज्ज्ञांनी सांगितलं. काब्राल यांनी आरोप फेटाळला. म्युझियमने फोटो प्रदर्शनातून उतरवला.

आता माझं. मी सत्तरी तालुक्यातली. आमच्याकडे कितीतरी देवळांत सातेरी देवी गाभाऱ्यात वारुळाच्याच रूपात बसलेली आहे; वारुळाला आम्ही रोयण म्हणतो. लहानपणापासून जिच्यापुढे हात जोडले, ती कुठल्यातरी परमुलखात रात्री हिरव्या दिव्यांनी पेटलेली दिसली. मुंगीखाऊकडे माझं लक्ष नंतर गेलं, खरंच. हे सांगितलं की लोक म्हणतात, मग नुसत्या वारुळाचा दाखवा की. बरोबर आहे. पण मला आवडला तो हाच.

त्या वर्षीचा सर्वोच्च पुरस्कार ब्रेंट स्टर्टन यांच्या फोटोला होता. दक्षिण आफ्रिकेतल्या लूलूवे-इम्फोलोझी अभयारण्यात मारलेला काळा गेंडा, दोन्ही शिंगं तोडून नेलेली. शंभर टक्के खरा. तो लागला की सभागृहातले लोक मोबाइल बघायला लागतात, आणि पुन्हा लावा असं मला आजवर कोणी म्हटलेलं नाही. जानेवारी २०२० मध्ये आपल्याच गोळावलीत वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले, तेव्हा त्यांचे फोटो साऱ्या तालुक्याच्या फोनवर फिरले. त्यांच्या खरेपणाबद्दल कोणी शंका घेतली नाही, पण ते कोणाला जपून ठेवावेसेही वाटले नाहीत.

आणि आता बेडकाचं. हे मी वाचनालयात कधी सांगत नाही.

चोर्ला घाटाखाली माझ्या मावशीचं घर आहे. मागे चिऱ्याची जुनी विहीर, तिच्यावर वाकलेली आंब्याची फांदी. पावसाळ्यात रात्री त्या फांदीवर मलबारचे उडते बेडूक जमतात. मादी मोठी, हिरवीगार, बोटांमधला पडदा शेंदरी, पाठीवर नर चिकटलेला. ती मागच्या पायांनी फेस घुसळते, त्यातच अंडी घालते आणि पानं त्या फेसाभोवती गुंडाळत जाते. पुढे फेस विरघळला की पिल्लं थेट विहिरीत पडतात. मावशीने एका हातात छत्री, दुसऱ्या हातात टॉर्च धरला होता. मी कठड्यावर पालथी पडून फोटो काढले. विहीर खोल, चिरे शेवाळाने काळे, फ्लॅशचा उजेड तळापर्यंत पोचतच नाही. त्यामुळे बेडकांच्या मागे निखळ काळं आलं.

त्यातला एक पणजीतल्या एका प्रदर्शनात पाठवला. चर्चेच्या वेळी परीक्षक भर सभागृहात म्हणाले, "ही पार्श्वभूमी काळ्या कापडाची आहे. बेडूक आणून ठेवलेत." मी उठून लॅपटॉप उघडला, रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेली मूळ फाइल, दाखवली. त्यांनी शांतपणे पाहिली आणि म्हणाले, "बाई, ही फाइल सांगते की तुम्ही कॉम्प्युटरवर काही केलं नाही. हाताने काय केलं, ते ती सांगत नाही." मग मी आधीचे आणि नंतरचे फोटो काढून दाखवले. त्यावर उत्तर आलं, "आणून ठेवलेला बेडूकसुद्धा तिथेच बसतो." लोक हसले. फोटो पुरस्काराच्या विचारातून निघाला आणि सहभागाचं प्रमाणपत्र तेवढं हातात आलं. मावशीला सांगितलं तेव्हा तिचा आधी विश्वासच बसेना. "आमी बेब्यांक कित्याक हात लावतलीं गो?" बेडकांना आपण कशाला हात लावू गं?

परीक्षकांचा राग करायला मला आवडलं असतं. पण बेडकांना फ्रिजमध्ये गार करून, चापडा सापाला काठीने सोयीच्या फांदीवर बसवून फोटो काढणारे लोक मीही पाहिलेत. शिवाय ते रॉ फाइलबद्दल बोलले त्यात चूक काय होतं? काब्राल यांनीही विजेत्या फोटोच्या आधीच्या आणि नंतरच्या रॉ फाइल्स दिल्या होत्या. त्यांतल्या एकाही फ्रेममध्ये मुंगीखाऊ नव्हता. म्हणजे त्याच्यासारख्या फोटोंनीच माझा बेडूक गोत्यात आणला. मग मी त्याला डोक्यावर घेऊन का फिरते? काहीजण म्हणतात, परीक्षकांवर सूड. थोडा असेलही.

बरं, मांडामांड म्हणजे खोटेपणा असंही नाही. २०१६ साली शहरी गटात मुंबईच्या नयन खानोलकरांच्या बिबट्याला पुरस्कार मिळाला: आरेच्या वारली पाड्यात घराशेजारून निघालेला. तिथे कॅमेरा आणि दिवे आधी लावलेले होते. दशावतारात समया आधी लावतात, तसं. पात्र येतं ते आपल्या वेळेने. सर्गेई गोर्शकोव्ह यांची झाडाला मिठी मारणारी वाघीण २०२० ची विजेती, तीही अशीच आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्यात अकरा महिन्यांहून जास्त वाट पाहून मिळालेली. दोन्ही मी दाखवते. पण तेही बघताना हल्ली माझी नजर आधी चिमटा शोधते, दोरा शोधते. २०१७ साली "बघा, काय नशीब!" म्हणत सगळ्यांना फोटो पाठवणारी मी भोळी होते की आताची मी संशयी, हे मला ठरवता येत नाही. तेव्हा मजा जास्त यायची, एवढं मात्र नक्की.

या वर्षी मुंगीखाऊच्या फोटोखाली ओळ टाकली आहे: "वारूळ खरं. दिवे खरे. प्राणी पेंढ्याचा असल्याचा म्युझियमचा निर्णय, फोटोग्राफरला अमान्य." कार्यवाह म्हणतात, एवढं लिहावं लागतं तर फोटोच गाळा. मी अजून हो म्हटलेलं नाही.