तुम्ही विचारलंत म्हणून: सत्तरीच्या आईला डिस्नेलँडला का नेलं?

लग्नात, भाजीबाजारात, बँकेच्या रांगेत, मला हा प्रश्न कुठेही गाठतो. "आईची सत्तरी होती ना? मग काशीला न्यायचं, चारधामला न्यायचं. डिस्नेलँड म्हणजे पोरांचं काम. तिथे सत्तर वर्षांची बाई काय करणार?" कुणी मायेने विचारतं, कुणी थोडं टोचून. हल्ली त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्नही येतो, "आमच्या आईचीही पंचाहत्तरी आहे पुढच्या वर्षी, कसं जमवलंत ते सांगा ना." म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

आधी काशीचं सांगते. काशी, पंढरपूर, शेगाव हे सगळं आईचं बाबा होते तेव्हाच झालंय. गुडघे चांगले होते तोवर चैत्रात पायी वणीला जाऊन सप्तशृंगीचं दर्शन घेऊन यायची. सत्तरीची भीमरथी शांत भावाने घरी केली, होम झाला, गावजेवण झालं. देवाधर्माचं तिचं काही राहिलं नव्हतं. तिचं खेळायचं राहिलं होतं.

हे मला कळलं ते एका संध्याकाळी. माझा धाकटा मोबाइलवर कुठल्याशा पार्कचा व्हिडिओ पाहत होता. त्यात रंगीत घोड्यांचा गोल पाळणा फिरत होता. आई शेजारी शेंगा फोडत बसली होती. शेंगा फोडायची थांबली आणि बघत राहिली. मग म्हणाली, असे सजवलेले घोडे सारंगखेड्याला यायचे.

तिचं माहेर शहाद्याकडचं. तापीकाठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, दत्तजयंतीला, आणि तिथला घोड्यांचा बाजार लांब लांबच्या लोकांना माहीत आहे. आई आठ वर्षांची असताना आजोबा सगळ्यांना बैलगाडीतून घेऊन गेले. एका व्यापाऱ्याने तिच्या चुलतभावाला पांढऱ्या घोडीवर बसवून चक्कर मारून आणली. आईनेही हट्ट धरला. "पोरीच्या जातीने घोड्यावर बसत नसतात," असं म्हणून आजीने तिला ओढत पाळण्याकडे नेलं, आणि पाळण्यातही बसवलं नाही, कारण तोवर पैसे संपले होते. इतक्या वर्षांत ही गोष्ट तिने आम्हाला एकदाही सांगितली नव्हती.

त्या रात्री मी ठरवलं. पैशांचं म्हणाल तर दोन वर्षं भिशीचे पैसे बाजूला टाकत गेले, भावाने भर घातली, आणि माणशी साधारण लाखाच्या आत-बाहेर बसलं.

पहिला डोंगर पासपोर्टचा. आईच्या आधारवर फक्त जन्मसाल होतं. पासपोर्टला पूर्ण तारीख लागते. तिला विचारलं तर तिचं उत्तर ठरलेलं: "आखाजीच्या दुसऱ्या दिवशी, झोके बांधलेले होते तेव्हा." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खान्देशात हा लेकींचा सण. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, निंबाला दोर टाकून झोके बांधतात, गवराई बसवतात. पण आखाजी ही तिथी. सरकारी कागदाला इंग्रजी तारीखच लागते.

मग मी आणि भाऊ तिच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी कपाटातून जुनं जनरल रजिस्टर काढलं. कापडी पुठ्ठा, कडा वाळवीने खाल्लेल्या, पानांना तो जुन्या कागदाचा वास. बोट ओळीवरून फिरत गेलं आणि थांबलं. आईचं पाळण्यातलं नाव, तिच्या वडिलांचं नाव, आणि पुढे निळ्या शाईत: १ जून. तिच्या वरच्या मुलीची जन्मतारीख १ जून. खालच्या मुलाचीही १ जूनच. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची आणि जन्माची नोंद नसलेल्या पोराला गुरुजी १ जून लावून टाकायचे. महाराष्ट्रातल्या त्या पिढीतल्या असंख्य माणसांचा वाढदिवस त्या एकाच दिवशी येतो तो यामुळे. मी त्या पानाचा फोटो काढला. दाखल्यावरून आधार दुरुस्त झालं, पॅन जुळवलं, मग पासपोर्टचा अर्ज. साठीच्या वरच्या माणसांना नव्या पासपोर्टच्या फीमध्ये १० टक्के सूट मिळते, त्यामुळे १,५०० ऐवजी १,३५० रुपये लागले. फोटोला आईने ठेवणीतलं पातळ नेसलं होतं. सगळं मिळून चार महिने गेले. म्हणून जो विचारतो त्याला मी पहिलं हेच सांगते: विमानाच्या तिकिटाचं नाव काढण्याआधी म्हाताऱ्या माणसाचे कागद काढून एकमेकांशी ताडून पाहा. आधारवर एक नाव, पॅनवर दुसरं, रेशनकार्डावर तिसरं, असं आपल्याकडे घरोघरी असतं.

जायचं कुठे, यावर घरात आठवडाभर चर्चा चालली. टोकियोचं डिस्नेलँड १९८३ सालचं, अमेरिकेबाहेरचं पहिलं, आणि त्याला लागूनच २००१ पासून डिस्नेसी. पण दोन्ही पार्क पायी तुडवायचे, जपानचा व्हिसा काढायचा, हे आईच्या गुडघ्यांना आणि आमच्या खिशाला जड होतं. सिंगापूरला सेंटोसा बेटावर युनिव्हर्सल स्टुडिओ आहे, मोठ्या मुलाचं मन तिकडे होतं. पण तिथली खरी मजा अंगावर येणाऱ्या रोलर कोस्टरची, आणि तिथेही व्हिसा लागतोच. शेवटी ठरलं हाँगकाँग: तिथलं पार्क २००५ सालचं आणि डिस्नेच्या इतर पार्कांच्या मानाने आटोपशीर. मुंबईहून थेट विमान, सहा तासांच्या आसपास. भारतीयांना तिथे १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. जाण्याआधी प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन म्हणून एक ऑनलाइन नोंदणी करायची, ती फुकट असते. तिची चिठ्ठी कागदावर छापून, सही करून सोबत ठेवायची. एका एजंटाने याच नोंदणीचे माझ्याकडे माणशी अडीच हजार मागितले होते. तुम्ही देऊ नका. घरी बसून अर्ध्या तासात होते, फक्त नाव आणि पासपोर्ट नंबर अक्षर न् अक्षर बरोबर भरा.

तारखेच्या बाबतीत मात्र मी भावाशी भांडले. त्याचं म्हणणं, वाढदिवसाच्या दिवशीच तिथे असायला हवं. पण आखाजी येते एप्रिल-मे महिन्यात आणि मेच्या पहिल्या आठवड्यात चीनमध्ये कामगार दिनाची मोठी सुट्टी असते. तेव्हा पार्कात पाय ठेवायला जागा नसते. जपानमध्येही त्याच सुमाराला सुट्ट्यांचा आठवडा असतो. शिवाय हाँगकाँगला बहुधा मे महिन्यात बुद्धजयंतीची सार्वजनिक सुट्टी येते, तीही पाहून ठेवावी लागते. शेवटी आम्ही मेच्या मध्यातला, सोमवार ते शुक्रवारमधला दिवस धरला. वाढदिवस घरी शांतीच्या निमित्ताने झालाच होता. माणूस सत्तर वर्षांचं झाल्यावर दोन-तीन आठवडे पुढे-मागे झाल्याने काही बिघडत नाही, रांगेत दोन तास उभं राहिल्याने बिघडतं.

जळगावचा मे सोसलेल्या माणसाला वाटतं, ऊन आपल्याला काय करणार. हाँगकाँगचं ऊन जळगावसारखं भाजत नाही, घामाने चिंब करतं. आणि पाऊस कधीही येतो. तिथलं हवामान खातं जोराच्या पावसाला पिवळा, लाल, काळा असे इशारे देतं, आणि विजा चमकायला लागल्या की उघड्यावरचे पाळणे थांबवतात. म्हणून आम्ही दोन दिवसांचं तिकीट काढलं. ज्येष्ठांचं तिकीट इतरांच्या मानाने फारच स्वस्त पडतं, दाखवायला पासपोर्ट लागतो. गुरुजींनी लिहिलेली ती १ जून तिथे कामी आली.

तयारीतल्या काही गोष्टी ज्यांनी मला खरा हात दिला, त्या सांगते. विमान कंपनीला आधी कळवून दोन्ही विमानतळांवर व्हीलचेअर घेतली. आईला ते कमीपणाचं वाटत होतं. मी म्हटलं, माय, पाय पार्कासाठी राखून ठेव. प्रवासविमा घेताना तिची शुगर आणि बीपी लपवलं नाही. हप्ता थोडा जास्त बसला, पण उद्या दवाखान्याची वेळ आली असती तर त्याच कारणाने दावा नाकारला गेला असता. डॉक्टरांकडून औषधांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावांसह लिहून घेतली आणि गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवल्या. जेवणाची काळजी होतीच, म्हणून वहिनीने दुधात मळलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी दिली. पहिले दोन दिवस त्यावर निघाले. मग शहरात चुंगकिंग मॅन्शन नावाच्या इमारतीत भारतीय खानावळी सापडल्या.

आणि एक पंजाबी ड्रेस. आईने उभ्या जन्मात पातळाशिवाय काही नेसलं-घातलं नव्हतं. शिंपीकाकांना सांगून सुती, सैल, आतून चेनचा खिसा असलेला शिवून घेतला. तिला कारण सांगितलं, खिशात पासपोर्ट राहील. खरं कारण तुम्हाला कळलंच असेल.

पार्कात जाणारी रेल्वे सनी बे स्टेशनवरून सुटते. तिच्या खिडक्या मिकीच्या डोक्याच्या आकाराच्या. मुलं नुसती उड्या मारत होती. आत गेल्यावर डावी-उजवीकडे न बघता आधी मोठ्या गर्दीचं उरकून घ्यायचं ठरवलं होतं: २०२३ साली उघडलेला फ्रोझन सिनेमाचा भाग. धाकट्याची खाणगाड्यांच्या रोलर कोस्टरवर बसायची इच्छा तशीच राहिली, तिथे ११२ सेंटिमीटर उंची लागते आणि तो १०९ भरला. त्याला रडू आलं. आईने त्याला जवळ घेतलं आणि म्हणाली, "मी शे ना तुन्हासंगे, आपण दोन्ही खाले बसूत." ते दोघं खाली बसून दशमी खात राहिले.

दुपारी एक ते चार आम्ही बंद सभागृहातले कार्यक्रम पाहिले, थंड हवेत, बसून. म्हातारं माणूस आणि लहान मूल दोघं बरोबर असतील तर दिवसाचा हा मधला तुकडा असाच ठेवा. मिस्टिक मॅनर नावाच्या राइडमध्ये गाडी रुळांशिवाय अलगद फिरते, धक्का नाही की उंचावरून पडणं नाही. आईला ती फार आवडली. बोटीतून फिरवणाऱ्या बाहुल्यांच्या 'स्मॉल वर्ल्ड'मध्ये ती पूर्ण वेळ हात जोडून बसली होती. का, ते मी विचारलं नाही.

सकाळी फाटकाजवळच्या कार्यालयात आम्ही वाढदिवसाचा बिल्ला मागून घेतला होता. फुकट देतात. तिथल्या मुलीने नाव विचारलं. आईने माझ्याकडे बघितलं. आज्जी, काकू, माय, वहिनी, एवढ्यावर तिची गेली वीस वर्षं चाललेली. मी म्हटलं, सुभद्रा. मुलीने ते जाड पेनने लिहिलं. त्यानंतर दिवसभर झाडू मारणारा पोऱ्या, पाणी विकणारी बाई, पाळण्याचं दार उघडणारा माणूस, जो तो बिल्ला वाचून तिला नावाने हाक मारून शुभेच्छा देत होता. उच्चार वाकडे होते. तिसऱ्या-चौथ्या हाकेनंतर ती मान वळवून हसायला लागली.

संध्याकाळी उन्हं उतरल्यावर सिंड्रेलाच्या घोड्यांकडे गेलो. ज्यांना चढता येत नाही त्यांच्यासाठी पाळण्यात बसका बाक असतो. मी तिला तिकडे न्यायला लागले. तिने हात सोडवून घेतला.

"माले घोडावर बसनं शे."

पांढराच निवडला. माझा नवरा आणि तिथला माणूस, दोघांनी तिला दोन्ही बाजूंनी आधार देऊन चढवलं. ड्रेस होता म्हणून दोन्हीकडे पाय टाकून बसता आलं. पट्टा बांधला. तिने सोनेरी दांडा दोन्ही हातांनी पकडला, बांगड्या त्याला लागून किणकिणल्या. मी शेजारच्या घोड्यावर होते. पाळणा सुरू झाला, घोडा वर-खाली व्हायला लागला, आणि पहिल्या फेरीत तिने डोळे घट्ट मिटून घेतले. दुसऱ्या फेरीत उघडले. तिसऱ्या फेरीत एक हात सोडला आणि घोड्याच्या मानेवरून फिरवला, आयाळीवरून, खालपासून वरपर्यंत, जसा गोठ्यातल्या गाईवरून फिरवते तसा.

उतरल्यावर पुन्हा रांगेत उभी राहिली. आम्ही तीनदा बसलो. रात्रीची रोषणाई त्यामुळे मागच्या बाजूने, अर्धीच पाहिली.

पार्क आटोपल्यावर एक दिवस केबल कारने न्गाँग पिंगला गेलो, ५.७ किलोमीटर, खाली समुद्र आणि डोंगर. तिथल्या ३४ मीटर उंच बुद्धापाशी जायला २६८ पायऱ्या आहेत. वणीच्या पायऱ्या चढलेली बाई, पण यावेळी ती खालीच थांबली. "जथून दिसस तथून हात जोडना," म्हणाली, आणि सावलीत बसून राहिली. मुलं वर धावत गेली. तिला कुणी आग्रह केला नाही, तुम्हीही करू नका.

बिल्ला आता तिच्या बाजाराच्या कापडी पिशवीला लावलेला आहे. यंदाच्या आखाजीला तिने भावाला सांगून मळ्यातल्या निंबाला झोका बांधायला लावला. नातसुना आणि पोरी रांगेत उभ्या होत्या. आधी तिने दोर ओढून पाहिला, मग पदर खोचला आणि स्वतः बसली.